‘हरित’ फ्लॅटसाठी सहा लाख जास्त मोजावेत का?

प्रश्न : बाणेरमध्ये ७२० चौरस फूट कार्पेटचे दोन टूबीएचके पाहिले आहेत. दोन्हींचं बांधकाम चालू आहे आणि दोन्ही प्रकल्प साधारण १२० फ्लॅटांचे आहेत. पहिल्याला हरित मानांकन आहे, गच्चीवर ४० किलोवॉट सोलर असेल आणि ‘वीजबिल निम्मं होईल’, असं बिल्डर सांगतो. किंमत ९१ लाख. दुसऱ्याला मानांकन नाही, किंमत ८५ लाख. मेन्टेनन्स पहिल्यात चौरस फुटाला ३.८० रुपये, दुसऱ्यात ३.२० रुपये. गृहकर्ज ८.५ टक्क्यांनी, २० वर्षांचं. सध्या आमचा एकच एसी आहे. मार्च ते जून महिन्याला ३८० युनिट, एरवी १९० युनिट, वर्षाचं बिल सुमारे ३५ हजार. सासरे दिवसभर घरीच असतात. विजेचे दर वाढतच जाणार, तर आत्ताच सहा लाख जास्त घालणं शहाणपणाचं ठरेल का?

उत्तर : सहा लाख देऊ नका. का ते आकड्यांत पाहू, कारण त्याच आकड्यांवर तुम्हाला बिल्डरशी भाव करता येईल.

सहा लाखांवर बांधकाम चालू असल्यामुळे ५ टक्के जीएसटी म्हणजे ३० हजार, आणि पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४२ हजार. फरक ६ लाख ७२ हजारांचा झाला, आणि त्यातलं मुद्रांक शुल्क बँक सहसा कर्जात धरत नाही. तुमच्या व्याजदराने २० वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो. सहा लाखांना महिन्याला ५,२०० रुपये, वर्षाला साडेबासष्ट हजार. तुमचं सगळं वीजबिल शून्य झालं तरी वर्षाला ३५ हजारच वाचतील.

‘दर वाढणार’ हा मुद्दा रास्त आहे, म्हणून तोही हिशेबात घेऊ. दावा खरा मानला, बिल निम्मं झालं, पहिल्या वर्षी साडेसतरा हजार वाचले आणि दर २० वर्षं सलग ५ टक्क्यांनी वाढत राहिले, तरी त्या बचतीचं आजचं मूल्य (म्हणजे पुढची सगळी बचत आजच्या किती एकरकमी रुपयांच्या बरोबरीची), कर्जाच्याच दराने मोजलं तर, २ लाख ४० हजारांच्या आसपास येतं. सहा लाख तरीही लांबच.

बरं, दावा खरा तरी आहे का? इमारतीची भिंत, काच आणि छज्जा फक्त एसीवरचा भार कमी करतात. फ्रीज, गीझर, टीव्ही, मिक्सर यांना भिंत कशाची आहे याने फरक पडत नाही. तुमच्या उन्हाळी आणि एरवीच्या वापरातला फरक महिन्याला १९० युनिट, चार महिन्यांचे ७६० युनिट. हा सगळा एसीचा धरू आणि चांगल्या भिंतींमुळे त्यात ४० टक्के बचत होते असं सढळ हाताने मानू. मग महिन्याला ७६ युनिट वाचतील. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पा बदलतो. वाचणारं युनिट नेहमी वरच्या टप्प्यातलं असतं, म्हणून बचत सरासरी दराने मोजायची नाही. तुमचे ७६ युनिट ३०० च्या वरचेच आहेत. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून मी तिथे युनिटला १६ रुपये घेतले आहेत; ताज्या बिलावरून तो आकडा तपासून बदला. वर्षाची बचत झाली ४,९०० रुपये, आणि वरच्याच पद्धतीने तिचं आजचं मूल्य ६७ हजार.

आता मेन्टेनन्स पाहा. चौरस फुटाला ६० पैसे जास्त म्हणजे ७२० चौरस फुटांना महिन्याला ४३२ आणि वर्षाला सुमारे ५,२०० रुपये. एसीवर वाचलेले सगळे पैसे इथेच गेले. खरं तर सोलरमुळे पहिल्या प्रकल्पाचा मेन्टेनन्स कमी असायला हवा होता. ४० किलोवॉट, किलोवॉटमागे वर्षाला १,४०० युनिट, म्हणजे ५६ हजार युनिट. फ्लॅटमागे साडेचारशेच्या वर. युनिटला १३ रुपये धरले तरी प्रत्येक घराचे वर्षाला ६ हजार रुपये लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या बिलात वाचतात. तरीही दर जास्त का, याचा हिशेब बिल्डरकडे लेखी मागा. नेट मीटरचा (जादा सौरवीज ग्रीडला देऊन ती बिलातून वजा करणाऱ्या मीटरचा) अर्ज झाला आहे का, मीटर कोणाच्या नावावर असेल, गच्चीचा हक्क अभिहस्तांतरणात (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होताना) सोसायटीकडे येणार आहे का आणि पाण्याच्या टाक्यांची सावली पॅनेलवर पडते का, हेही विचारा. एका पॅनेलवरच्या सावलीनेही त्या साखळीचं उत्पादन घटतं.

शिवाय हे सोलर दुसऱ्या प्रकल्पातली सोसायटीही नंतर बसवू शकते. किलोवॉटला ५५ हजार धरले तर ४० किलोवॉटचे २२ लाख होतात. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार अनुदान आहे (देशी बनावटीचे पॅनेल लागतात, आणि योजना २०२६-२७ पर्यंतची आहे), म्हणजे ७ लाख २० हजार. उरलेले १४ लाख ८० हजार १२० घरांत वाटले की घरटी साडेबारा हजारही होत नाहीत. सर्वसाधारण सभेत ठराव करून घेण्याचा खटाटोप धरून मी सोलरची किंमत २५ हजार लावेन, त्यापेक्षा जास्त नाही.

मानांकनाबद्दल. प्राथमिक प्रमाणपत्र नकाशांवर मिळतं, अंतिम प्रमाणपत्र बांधकाम पूर्ण झाल्यावर. ब्रोशरमध्ये बहुधा पहिलंच छापलेलं असतं. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकनाला ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव एफएसआय मिळतो. म्हणजे बिल्डरला त्याचा मोबदला जादा बांधकामाच्या रूपाने आधीच मिळू शकतो, तोच खर्च पुन्हा तुमच्याकडून वसूल करायचं कारण नाही. पर्जन्यजल संधारण तर ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना बंधनकारकच आहे. ते ‘हरित सुविधा’ म्हणून दाखवलं असेल तर यादीतून काट मारा.

ज्याला पैसे मोजावेत असं खरोखर काही असेल तर ती भिंत आणि खिडकी. एसी आणि पंखे कधीही बदलता येतात, भिंत येत नाही. घरांसाठीच्या केंद्रीय संहितेत, २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त, छताखेरीज बाहेरच्या आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला १५ वॉट आहे. हा आकडा या प्रकल्पाचा किती येतो, याचं गणित आर्किटेक्टकडून मागा. मानांकनाची तयारी खरोखर केली असेल तर ते तयार असतं. जागेवर जाऊन भिंत पाहा. मायवान पद्धतीत (ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती ओततात ती) बाहेरची भिंत पूर्ण काँक्रीटची असते आणि काँक्रीट एएसी ब्लॉकपेक्षा (हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या ब्लॉकपेक्षा) साधारण आठपट उष्णता वाहून नेतं. पश्चिमेच्या काँक्रीट भिंतीत दुपारी शिरलेली उष्णता संध्याकाळी आणि रात्री आत येते, म्हणजे तुम्ही बेडरूमचा एसी लावता नेमकी तेव्हाच.

दरांची दिशाही याच बाजूला आहे. दुपारी सौरवीज मुबलक असल्याने वीजबाजारात भाव पडतो, आणि सूर्यास्तानंतर मागणीच्या दिवसांत तो युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेपर्यंत जातो. घरगुती ग्राहक तिथे थेट खरेदी करत नाही, पण महावितरणच्या खरेदी खर्चातला चढउतार इंधन समायोजन आकारातून तुमच्या बिलात उतरतो, आणि टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर लावणारा) असलेल्या घरांना सवलत मिळते ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत. सासऱ्यांचा दुपारचा एसी त्यामुळे तुलनेने स्वस्त पडेल. दिवसा तापलेली भिंत रात्री महाग पडेल. म्हणून दोन्ही प्रकल्पांत बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीची दिशा पाहा. दोन फळ्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, तीही मोजून पाहा. छताच्या उष्णतारोधनाचा फायदा फक्त सर्वांत वरच्या मजल्याला असतो, मधल्या मजल्यावर त्यासाठी रुपयाही देऊ नका.

भिंतीचे ६७ हजार, सोलरचे २५ हजार, आणि सासऱ्यांना दुपारी गारवा मिळावा म्हणून मनाला पटेल ती रक्कम. गारव्याची किंमत बिलात दिसत नाही, म्हणून ती तुम्हीच ठरवा. पण एकूण फरक दीड लाखाच्या पुढे नेऊ नका. तोही बाहेरच्या भिंती एएसीच्या असतील आणि मेन्टेनन्सचा खुलासा पटला तरच. पुढे घरून काम सुरू होऊन तीन एसी चालायला लागले तर गणित बदलेल. महिन्याच्या दर १०० रुपये खात्रीच्या बचतीसाठी साडेअकरा हजार, आणि दरवाढ धरून फार तर साडेसोळा हजार जादा किंमत परवडते.

दुसरा फ्लॅट घेतलात तर तीन खोल्यांत बीएलडीसी पंखे लावा. साध्या पंख्याच्या ७५ वॉटऐवजी ३० वॉट, दिवसाला १० तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४०० युनिट वाचतात. युनिटला १३ रुपयांनी ५,२०० रुपये, म्हणजे चांगल्या भिंतीपेक्षाही जास्त, आणि खर्च सुमारे ९ हजार. एसी नवा घ्याल तेव्हा लेबलवरचं वर्ष पाहा : जानेवारी २०२६ पासून स्टारचे निकष कडक झाले आहेत, त्यामुळे दुकानात उरलेला जुना पाच स्टार आणि नवा पाच स्टार यांची बरोबरी होत नाही.

पहिल्याच प्रकल्पावर मन बसलं असेल तर ८६ लाख ५० हजारांचा लेखी प्रस्ताव द्या. भिंतीचा प्रकार, सोलरची क्षमता, नेट मीटर आणि अंतिम मानांकन या चार गोष्टी नोंदणीकृत करारनाम्याच्या परिशिष्टात लिहून घ्या. जाहिरातीतल्या खोट्या दाव्यासाठी रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. ब्रोशर आणि बिल्डरचे ईमेल त्यासाठी जपून ठेवा. ‘बिल निम्मं’ हे वाक्य करारात घालायला तो तयार आहे का, हे टोकन देण्याआधी विचारा.