नांगरलेल्या शेतात मिळालेली खापरं रोमन आहेत का, आणि खाली वस्ती असेल का?

तुम्ही लिहिलंय की केंब्रिजजवळच्या गावात तुमच्या घरामागच्या शेतातून पायवाट जाते आणि नांगरट झाल्यावर तिथं करड्या-लाल खापरांचे तुकडे दिसतात. ते रोमन असतील का? असू शकतील, त्या भागात यात नवल काहीच नाही. खाली रोमन घर असेल का? हे मूठभर खापरांवरून कुणालाच सांगता येणार नाही. किती खापरं, कुठं आणि कशाच्या जोडीनं पडलीत, ते बघावं लागतं.

आधी रोमन नसलेला माल बाजूला काढा. काचेसारखी झिलई दिसली तर तुकडा बहुधा बराच नंतरचा. ब्रिटनमध्ये झिलईची रोमन भांडी सापडतात, पण विरळाच. एकसारख्या नारिंगी रंगाचा, झिलई नसलेला जाड तुकडा बहुतेक वेळा कुंडीचा किंवा एकोणिसाव्या शतकात शेतातलं पाणी काढायला पुरलेल्या मातीच्या नळाचा असतो. निळी-पांढरी चिनीमाती आणि मातीच्या चिलमींच्या पांढऱ्या नळ्या खताबरोबर आलेल्या.

उरलेल्यात करडी, वाळूमिश्रित, कडक भाजलेली आणि आतून चाकाच्या बारीक रेघा असलेली खापरं शोधा. ग्रामीण रोमन वस्तीवर सर्वात जास्त माल हाच असतो. मध्ययुगातही करडी भांडी होती, त्यामुळे नुसत्या पोटाच्या तुकड्यावर भिस्त ठेवू नका. काठ आणि बूड यांवरून काळ ठरतो. तुमच्या भागात आणखी एक सापळा आहे. रोमन काळात शिंपल्याची भुकटी घातलेली भांडी होती आणि साधारण 900 ते 1100च्या दरम्यान सेंट निओट्स नावाची भांडीही तशीच बनत. ती हाताला साबणासारखी गुळगुळीत लागतात. दोन्हींत शिंपला विरघळून बारीक भोकं पडतात, म्हणून भोकं दिसली एवढ्यावरून निकाल देऊ नका.

सेमियन नावाची रोमन भांडी मात्र चटकन कळतात: लाखेसारखं लाल, तकतकीत, आतून बाहेरून एकाच रंगाचं. हा माल गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून यायचा. पहिल्या शतकात ला ग्रोफसांकहून, दुसऱ्यात मुख्यतः लेझूहून. तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत ही आयात आटली. तुकड्याला आरपार गोल छिद्र असलं तर नीट बघा: फुटलेलं सेमियन शिशाची तार घालून सांधत असत. पांढऱ्या मातीवर काळपट किंवा तपकिरी लेप दिसला तर तो बहुधा पीटरबरोजवळच्या नीन खोऱ्यातला माल, दुसऱ्या शतकाच्या मध्यापासून चौथ्यापर्यंतचा.

आता वस्तीचं. आपल्याकडे जुनी वस्ती म्हणजे पांढरीचं टेकाड, लांबूनच ओळखू येतं. तिथं लाकूड-मातीची घरं, भोवती चर, आणि शतकानुशतकं नांगर फिरून सगळं सपाट. म्हणून खापरांच्या दाटीवरच भागवावं लागतं. उकिरड्याचं खत शेतात टाकताना फुटकी भांडीही जायची. त्यामुळे बारीक, कडा झिजलेले तुकडे सगळ्या शेतभर विरळ पसरलेले असतील तर तिथं रोमन काळात शेती होती, घर नव्हतं. एकाच जागी दाटी, तुकडे मोठे, कडा धारदार, सोबत काळपट माती, हाडं, जात्याचे तुकडे, जळके दगड असं जमून आलं तर वस्तीचा संशय घ्या. कडेला उभी पट्टी असलेली सपाट कौलं, कंगव्यासारख्या रेघा असलेल्या पोकळ विटा आणि फरशीचे लहान चौकोनी तुकडे मिळाले तरच व्हिलाचा, म्हणजे रोमन पद्धतीच्या श्रीमंती वाड्याचा विचार करावा. लोक तिथूनच सुरुवात करतात, पण बहुतेक ग्रामीण वस्त्या साध्या शेतकऱ्यांच्या होत्या.

पायवाटेवरून तुम्हाला फक्त चालायचा हक्क आहे, वेचायचा नाही. शेतमालकाची लेखी परवानगी घ्या. खापरं त्याच्याच मालकीची. जागा संरक्षित स्मारक आहे का, हे हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या यादीत तपासा. असेल तर हात लावू नका. काउंटीच्या वारसा नोंदवहीत आधीचे शोध मिळतील. एन्व्हायरन्मेंट एजन्सीची लायडार माहिती (विमानातून लेझरनं मोजलेले जमिनीचे उंचसखल भाग) फुकट आहे, पण सपाट झालेल्या शेतात ती अनेकदा काहीच दाखवत नाही. कोरड्या उन्हाळ्यात घेतलेले हवाई फोटो बरे: बुजलेल्या चरावर पीक उंच आणि हिरवं राहतं, भिंतीवर लवकर पिवळं पडतं.

वेचणी शरद ते वसंताच्या सुरुवातीपर्यंत, नांगरटीवर दोन-तीन पाऊस पडून माती धुतली गेल्यावर. दहा-दहा मीटरवर समांतर ओळी आखा, प्रत्येक ओळीचे वीस मीटरचे टप्पे करा, टप्प्यागणिक वेगळी पिशवी. चालणाऱ्याच्या नजरेत दोनेक मीटरचा पट्टा येतो, म्हणजे हा साधारण पाचव्या हिश्श्याचा नमुना झाला. घोळ होतो तो इथं: लोक लाल तुकडे उचलतात, करडे आणि कौलं टाकून देतात, आणि मग नकाशा वस्तीचा न होता रंगाचा होतो. पहिल्या फेरीत सगळं उचला. नोंदीत संख्या आणि वजन दोन्ही हवं. एकाच मडक्याचे नांगरानं वीस तुकडे केले तर संख्या फुगते, वजन नाही. उताराच्या पायथ्याशी वाहून आलेली माती जुना थर झाकते, तेव्हा तिथं काही मिळालं नाही म्हणून तिथं काही नाही असं धरू नका.

धुवायला साधं पाणी आणि मऊ टूथब्रश. फुटलेली कड नीट घासा, कारण भिंगातून माती तिथंच वाचता येते. लेपावर जोर लावू नका, सुटून येतो. आतून काळा थर जळक्या अन्नाचा असू शकतो, असा तुकडा धुऊच नका. वाळवायचं सावलीत, हीटरपासून लांब. पिशवीत चिठ्ठी हवीच: शेत, ओळ, टप्पा, तारीख.

मग पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या) तुमच्या काउंटीतल्या अधिकाऱ्याला फोटो पाठवा: काठाचा छेद, आतली बाजू, बाहेरची बाजू, शेजारी मोजपट्टी. खापरं एरवी ट्रेझर कायद्यात, म्हणजे सापडलेल्या गुप्तधनाच्या कायद्यात येत नाहीत, पण मडक्यात नाण्यांचा साठा निघाला तर मडकंही त्यात मोजतात. तसं झालं तर खणणं तिथंच थांबवा, काही बाहेर काढू नका, त्या अधिकाऱ्याला लगेच फोन करा. कॉरोनरला, म्हणजे अशा गुप्तधनाची चौकशी करणाऱ्या स्थानिक न्यायाधिकाऱ्याला, कळवायची मुदत 14 दिवसांची आहे.