हात मोडला की तुटला?

प्रश्न : ताई, मी वर्षभर इंग्रजी कथांचा मराठी अनुवाद करते आहे. ‘ब्रेक’ हे इतकं साधं क्रियापद, पण मला सारखं अडवतं. शब्दकोशात मोडणे, तुटणे, फुटणे, भंगणे, तोडणे, फोडणे असे सगळे शब्द एका ओळीत उभे असतात. मी ‘खिडकीची काच तुटली’ लिहिलं, ते संपादकांनी ‘फुटली’ केलं. ‘फांदी तुटून अंगणात पडली’ मात्र तसंच ठेवलं. याला काही नियम आहे, की सगळं कानावर सोडायचं? शिवाय एका वाक्यापाशी मी महिनाभर थांबले आहे. कथेतल्या बाईला भावाचं पत्र येतं. त्यात ‘आता इकडे येऊ नकोस’ एवढंच असतं. पुढचं वाक्य : ‘समथिंग ब्रोक इनसाइड हर.’ इथे काय लिहू?

उत्तर : तुमच्या संपादकांनी दोन्ही ठिकाणी योग्य तेच केलं. का ते एका वस्तूवरूनच पाहू. चष्मा घ्या. चष्म्याची काच फुटते, काडी मोडते आणि गळ्यात अडकवायची दोरी असेल तर ती तुटते. इंग्रजी लेखक तिन्ही वेळा ‘ब्रोक’ लिहून पुढे जाईल. मराठीत लिहिणाऱ्याला तसं जाता येत नाही. वस्तूचं नेमकं काय झालं हे त्याला आधी डोळ्यांसमोर आणावं लागतं.

फुटते ती कडक वस्तू, जिचे तुकडे होतात. किंवा पोकळ, भरलेली वस्तू, जिच्या आतलं बाहेर येतं. काच फुटते, माठ फुटतो, फुगा फुटतो, धरण फुटतं. मोडण्यात आकार जातो आणि आकाराबरोबर उपयोग जातो. खुर्ची मोडते, काठी मोडते, छत्री मोडते. मोडलेली वस्तू बहुतेक वेळा जागेवरच असते, फक्त कामाची राहत नाही. तुटण्यासाठी आधी काहीतरी जोडलेलं किंवा ताणलेलं असावं लागतं. दोरा, तार, माळ, चपलेचा अंगठा. तुटतो तो जोड. म्हणून तुमच्या फांदीला ‘तुटली’ शोभतं, कारण ती झाडापासून सुटून अंगणात आली. तीच फांदी सालीच्या आधारानं झाडावर लोंबत राहिली असती, तर मी ‘मोडली’ लिहिलं असतं.

हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. कामाला लागले तेव्हा मी हिंदी आणि मराठी, दोन्ही भाषांत अनुवाद करत असे. हिंदीत ‘टूटना’ पुष्कळ ओझं वाहतं. शीशा टूटता है, हड्डी टूटती है, रिश्ता टूटता है. एकदा परदेशी शिकणाऱ्या एका मुलाबद्दल रुग्णालयाचं इंग्रजी पत्र आलं आणि त्याच्या आईवडिलांना ते मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘पडल्यामुळे त्याचा उजवा हात तुटला आहे.’ आईनं ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, ‘कुठून? कोपरातून की खांद्यातून?’ मला प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा मी घाईघाईनं सांगितलं की हात जागेवर आहे, हाड मोडलं आहे, प्लॅस्टर घातलं आहे. ती खाली बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मराठीत मोडलेला हात सांधतो, तुटलेला हात परत येत नाही. त्या बाईची ती दोन मिनिटं माझ्या एका शब्दामुळे गेली, हे मी अजून विसरलेले नाही. आज कुणी ‘क्रिकेट खेळताना हात तुटला’ असं लिहून आणलं की मी ते छापायला जाऊ देत नाही. हिंदीत ते वाक्य अगदी बरोबर आहे. मराठीत ते वेगळीच बातमी सांगतं.

आता तुम्ही न विचारलेली, पण अनुवादात याहून जास्त फसवणारी एक बाजू. ‘ही ब्रोक द ग्लास.’ हे तुम्ही ‘त्यानं ग्लास फोडला’ असं कराल, आणि व्याकरणात काही चूक नसेल. पण मराठी वाचकाला त्यात राग दिसतो, निदान हेतू दिसतो. धक्का लागून पडला असेल तर आपण म्हणतो, ‘त्याच्या हातून ग्लास फुटला.’ इंग्रजी वाक्यात हा निवाडा नसतो. चार्ल्स फिलमोर या भाषाशास्त्रज्ञानं १९७० साली ‘हिट’ आणि ‘ब्रेक’ या दोन क्रियापदांची तुलना केली होती. ‘हिट’ फटका सांगतं, पुढे वस्तूचं काय झालं ते सांगत नाही. ‘ब्रेक’ वस्तूची बदललेली अवस्था सांगतं, म्हणून कर्ता गाळूनही ‘द ग्लास ब्रोक’ हे वाक्य उभं राहतं. आपल्याकडे ‘मोडणे’ असंच दोन्हीकडे चालतं : खुर्ची मोडली, त्यानं खुर्ची मोडली. पण फुटणे-फोडणे आणि तुटणे-तोडणे या जोड्यांमध्ये मराठी वेगळा शब्द मागते, आणि त्या शब्दाबरोबर दोष कुणाचा हेही ठरून जातं. म्हणून कथेत लहान मूल असेल, कपबशी असेल आणि ‘ब्रोक’ असेल, तर आधी मागचं पान वाचा. ‘फोडली’ लिहून त्या मुलावर नसलेला आरोप ठेवू नका.

‘फुटणे’वर थोडं थांबते, कारण मला तो सगळ्यांत श्रीमंत शब्द वाटतो. त्याचं मूळ संस्कृत ‘स्फुट्’ या धातूत आहे, आणि त्या धातूला फाटून उघडणं आणि उमलणं, दोन्ही अर्थ आहेत. मराठीनं दोन्ही सांभाळले. डोकं फुटतं तशी पालवीही फुटते. घाम फुटतो, रडू फुटतं, वाचा फुटते, वाटेला फाटा फुटतो. जे आत कोंडलेलं होतं ते बाहेर येतं, मग ते रक्त असो की पान. त्यामुळे ‘डॉन ब्रोक’साठी ‘तांबडं फुटलं’ इतकं चपखल बसतं की अनुवाद केल्यासारखं वाटतच नाही. पण याच शब्दात एक खड्डा आहे. ‘द न्यूज ब्रोक’चं ‘बातमी फुटली’ करू नका. मराठीत पेपर फुटतो, गुपित फुटतं, बिंग फुटतं. फुटलेली बातमी म्हणजे बाहेर जायला नको असताना गेलेली बातमी. साधी बातमी ‘आली’, ‘येऊन थडकली’ किंवा ‘पसरली’. तसंच वयात येणाऱ्या मुलाचा आवाज ‘ब्रेक’ झाला तर त्याला कंठ फुटला. बोलता बोलता एखाद्या बाईचा आवाज ‘ब्रेक’ झाला तर तिचा गळा दाटून आला.

बाकीचे झटपट. गाडी ‘ब्रेक डाउन’ झाली तर बंद पडते. मोडली म्हटलंत तर वाचकाला अपघात दिसेल. नियम, शब्द आणि विक्रम मोडतात. शांतता भंगते. ठरलेलं लग्न मोडतं, नातं तुटतं. पेन्सिलीचं टोक मोडलं की तुटलं, यावर मी भांडणार नाही. दोन्ही ऐकू येतात, मी ‘मोडलं’ लिहिते.

शब्दकोशाला दोष देऊ नका. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. तेव्हापासून आपण ‘ब्रेक’समोर शब्दांची रांग वाचतो आहोत, आणि रांग खोटी नसते. फक्त ती प्रसंग दाखवू शकत नाही. हा घोळ फक्त आपल्या दोन भाषांचा आहे असंही नाही. तोडण्याकापण्याची ६१ लहान चलच्चित्रं २८ भाषांच्या भाषकांना दाखवून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास सगळीकडे माणसं तेच काही फरक पाहत होती. कुठून तुटेल याचा अंदाज असलेलं कापणं वेगळं, फाटणं वेगळं, काडीसारखं मटकन मोडणं वेगळं आणि ठिकऱ्या उडणं वेगळं. किती शब्दांत ते वाटून घ्यायचं, हे मात्र प्रत्येक भाषेनं आपलं आपण ठरवलं. ते वाचल्यापासून मला वाटतं की ‘कानावर सोडायचं का’ या तुमच्या प्रश्नाला ‘आधी डोळ्यावर सोडा’ हे उत्तर आहे. प्रसंग दिसला की कान चुकत नाही.

आता तुमचं अडलेलं वाक्य. ‘हार्ट’ आणि ‘ब्रेक’ जवळ आले की अनुवादक ‘मन मोडलं’ लिहून मोकळे होतात. पण मराठीत आपण दुसऱ्याचं मन मोडतो, म्हणजे त्याची इच्छा डावलतो. ‘तिचं मन मोडवेना’ हे आपण रोज म्हणतो, आणि त्यात दुःखापेक्षा भीड जास्त असते. ‘जीव तुटला’ म्हणजे कुणासाठी तरी आतून तळमळ झाली, माया दाटून आली. तुमच्या बाईला त्या क्षणी यांतलं काहीच होत नाहीये. ती पत्र वाचून रडली असती, इतके दिवस धरून ठेवलेलं वाहून गेलं असतं, तर मी ‘आतला बांध फुटला’ सुचवलं असतं. पण तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात ती रडत नाही. पत्राची घडी घालते, पाकिटात ठेवते आणि दिवा लावायला उठते. भावाकडे जाणारी एक वाट आजवर होती, ती आता नाही. म्हणून ‘तिच्या आत काहीतरी तुटलं’ लिहा. ‘काहीतरी’ तसंच राहू द्या. काय तुटलं हे तिलाही अजून माहीत नाही.