किडनी ट्रान्सप्लांटवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांचं काम त्यांच्या पेपरांच्या यादीवरून कसं जोखायचं?

तुम्ही विचारलंय की एखाद्या किडनी ट्रान्सप्लांट संशोधकाच्या नावावर शेकडो पेपर दिसतात, तर नुसत्या आकड्यावरून त्यांचं मोठेपण कळतं का. नाही कळत. मी २२ वर्षं वैद्यकीय महाविद्यालयाच्या लायब्ररीत आहे, आणि माझ्या ताईला आईने दिलेली किडनी आहे. त्यामुळे हा प्रश्न मला घरी आणि कामावर, दोन्हीकडे भेटतो.

पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या मोफत वेबसाइटवर, नाव टाका आणि सगळ्यात जुने पेपर आधी लावा. (संस्थेचं नाव ताडून बघा, एकाच नावाचे तिघं-चौघं निघतात.) मग चार-पाच पेपर क्रमाने वाचा. आमच्या रेसिडेंट मुलांना मी किडनी ट्रान्सप्लांटच्या सुरुवातीच्या काळातले ब्रिटिश सर्जन सर रॉय काल्न यांच्या यादीपासून सुरुवात करायला सांगते.

काल्न लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये शिकत होते तेव्हा त्यांच्याच वयाचा एक मुलगा किडन्या निकामी होऊन वॉर्डात पडला होता. दोन आठवड्यांत जाईल, तोवर त्याला त्रास होऊ देऊ नका, असं सांगण्यात आलं. गुलाबावर कलम करतात तशी किडनी नाही का लावता येणार, असं काल्ननी विचारलं. उत्तर मिळालं, नाही.

१९६० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा पेपर आला. जेमतेम दोन पानं, लेखक एकटे. कुत्र्यांना ६-मर्कॅप्टोप्युरीन हे ल्युकेमियाचं औषध दिलं तर परकी किडनी नाकारली जाणं लांबतं, एवढंच त्यात आहे. मूळ धागा बोस्टनच्या श्वार्ट्झ आणि डॅमेशेक या डॉक्टरांचा. त्यांनी आदल्याच वर्षी सशांवर हे औषध वापरून दाखवलं होतं. तोवर जुळ्या भावंडांखेरीज किडनी टिकवणं जवळपास अशक्य होतं, म्हणून त्या दोन पानांचं मोल फार.

लेखकांचा क्रमही बघा. सायक्लोस्पोरिन म्हणजे शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून द्यायचं औषध. त्यावरचा १९७७ चा पेपर एका छोट्या नियतकालिकात आहे, उंदरांच्या हृदयरोपणावरचा. त्यात पहिलं नाव कोस्टाकिस या ग्रीक डॉक्टरांचं, काल्न शेवटी. पाण्यात न विरघळणारं हे औषध कोस्टाकिस यांनी ऑलिव्ह तेलात मिसळून दिलं होतं. ज्याने हाताने काम केलं त्याचं नाव आधी आलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि हेच औषध माणसांना दिल्याचा १९७८ चा ‘लॅन्सेट’मधला पेपर तर सावकाश वाचा. रुग्ण फक्त सात, किडन्या मृत दात्यांच्या. पाच जण चालू किडनी घेऊन घरी गेले, त्यातल्या दोघांना स्टेरॉइडची गरजच पडली नाही. एकाची किडनी जंतुसंसर्गामुळे काढावी लागली. एक बुरशीच्या संसर्गाने गेला. शिवाय हे औषध किडनीला आणि लिव्हरलाही इजा करतं, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे किडनी वाचवायला आणलेलं औषधच किडनी बिघडवतं, ही गोष्ट त्यांनी रुग्णांवरच्या पहिल्याच पेपरात सांगून टाकली. पुढच्या वर्षी ३४ रुग्णांचा पेपर आला (सगळ्यांनाच किडनी बसवली नव्हती, काही रोपणं दुसऱ्या अवयवांची होती), ३२ किडन्यांपैकी २६ चालू. त्यातही तिघांना लिम्फोमा हा कॅन्सर झाल्याची नोंद आहे. मी यादी वाचते ती अशा नोंदींसाठी. कोण गेलं, कोणाची किडनी काढावी लागली, रुग्णांवर किती महिने लक्ष ठेवलं, हे ज्या पेपरात सापडतं त्याच्यावर माझा विश्वास बसतो. शंभर पेपरांत एकही किडनी वाया गेलेली दिसली नाही, तर मला काळजी वाटते.

आमची ताई २००४ पासून सायक्लोस्पोरिनवर आहे. आता नव्या रुग्णांना बहुधा टॅक्रोलिमस हे त्याच कामाचं दुसरं औषध देतात. तिची कॅप्सूल पाकिटातून काढली की उग्र वास खोलीभर पसरतो, भाचा लहानपणी नाक धरून पळायचा. रक्तातली औषधाची लेव्हल तपासायची असते त्या दिवशी ती सकाळची गोळी न घेता लॅबमध्ये जाते, रक्त देते आणि तिथल्याच बाकावर बसून गोळी घेते. आधी घेतली तर आकडा चुकीचा येतो. आकडा कमी आला तर शरीर किडनी नाकारेल, वर गेला तर औषधच तिला इजा करेल. रिपोर्ट हातात येईपर्यंत आई देवापुढे बसून असते. त्या सातजणांचं काय झालं ते काल्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जसंच्या तसं छापलं, म्हणून हे औषध जपून द्यायला हवं हे डॉक्टरांना सुरुवातीपासून कळलं.