नवीन मातीची चूल घातली आहे. पहिला जाळ कधी आणि कसा करावा?

वरून कोरडी दिसली म्हणून लगेच पेटवू नका. वैलाजवळ (म्हणजे चुलीला जोडून असलेल्या दुसऱ्या, लहान तोंडाजवळ) माती सगळ्यात जाड असते, तिथे हाताची मागची बाजू टेकवून पाहा. गार लागली तर आत ओल आहे. अशा चुलीत मोठा जाळ घातला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि तडे जातात, कधी पोपडेच सुटतात. उन्हात ठेवून घाई करण्यापेक्षा सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या. पावसाळ्यात दम धरावाच लागतो.

पहिल्या दिवशी स्वयंपाक नाही. मूठभर वाळक्या काटक्या, थोडी नारळाची किशी किंवा पाचट, बस्स. पेटवायला रॉकेल किंवा प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. वर भांडं न ठेवता मंद जाळ अर्धा-पाऊण तास चालू द्या, मग निखारे आतच विझू द्या. पाणी मारायचं नाही. पुढचे दोन-तीन दिवस असंच करत जाळ थोडा थोडा वाढवा. सुरुवातीला धूर आणि ओल्या मातीचा वास येणारच, खिडकी उघडी ठेवा.

केसासारख्या बारीक भेगा चालतात. चूल गार झाली की पातळ माती-शेणाने सारवा. बोटाचं नख आत जाईल एवढी भेग असेल तर ती आधी पाण्याने भिजवून मग चिखल दाबून भरा, नाहीतर भरलेली माती सुटून येते.

दूध उतू घालवायचं असेल तर ते शेवटच्या दिवशी, आणि अगदी छोट्या पातेल्यात!