कॅशलेस मंजूर असूनही ठाण्यातल्या हॉस्पिटलने डिस्चार्जला ६२ हजार मागितले, असं का?

बहुतेक रूमच्या भाड्यामुळे. पॉलिसीत रोजची मर्यादा ५,००० असताना ८,००० ची रूम घेतली, तर वरचे ३,००० कापून भागत नाही. सर्जनची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग यांचेही दर ८ रुपयांमागे ५ च मंजूर होतात. अ‍ॅडमिशनच्या धावपळीत काउंटरवर हे कुणी सांगत नाही, याचाच खरा संताप येतो. पण औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर अशी प्रमाणातली कपात करता येत नाही. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्येच ते स्पष्ट केलंय. कपातीच्या पत्रात हेच आकडे आधी बघा.

'कन्झ्युमेबल्स १४,३००' असा एकगठ्ठा आकडा मान्य करू नका. ग्लोव्हज किती, सिरिंज किती, सगळं लिहिलेलं बिल मागा. रुग्णहक्कांच्या सनदेत तो हक्क आहे, आणि सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात २०२१ पासून बंधनकारक आहे. टाळाटाळ झाली तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

कपात विमा कंपनीची चूक असेल तर आधी तिच्याच तक्रार विभागाला ईमेल, मग आयआरडीएआयचं 'बिमा भरोसा' हे तक्रारींचं पोर्टल. महिनाभरात उत्तर आलं नाही तर विमा लोकपालांकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही नाही.