फॅशियाचा कोर्स करून आलीस, आता हे ऐक

फॅशिया म्हणजे स्नायूंभोवतीचं आवरण. मसाज करताना पेशंटला ‘फॅशिया मोकळी करून देते’ असं कधी सांगू नकोस. तळपायाची आणि मांडीच्या बाहेरची फॅशिया फार चिवट असते. २००८ सालच्या एका गणिती अभ्यासात तिला एक टक्का दाबायलाही हाताने न झेपणारा जोर लागतो, असं दिसलं. आराम पडतो तो मुख्यतः स्पर्शाने मज्जासंस्था शांत होते म्हणून. आणि तो टिकत नाही गं!

म्हणून आराम पडल्या पडल्या कामाला लाव. खांदा आखडलेल्या बाईला विचार, नेमकं काय अडतंय? ब्लाउजचं मागचं हुक, वेणी, की वरच्या फळीवरचा डबा? तेच तिच्याकडून करून घे, थोडं थोडं, रोज. पोळ्या लाटताना दर चार-पाच पोळ्यांनी खांदे फिरवायला सांग. मी सुरुवातीची कितीतरी वर्षं नुसतं चोळत बसले. माणसं तेच दुखणं घेऊन परत यायची. त्याचं आजही वाईट वाटतं.

टाके ओले असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचार. एकच पोटरी सुजून गरम लागली, तर हात न लावता लगेच पाठव.