आधी वावर शोधा

वाचकांचे प्रश्न : वंशावळ आणि जुनं दप्तर

प्रश्न : माझी सून अमेरिकेची, माहेर नेब्रास्का राज्यात. तिच्या पणजोबांचे वडील १८७० नंतर जर्मनीतून आले आणि सेवर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेती करायचे, एवढंच तिच्या घरी माहीत आहे. नातवासाठी दोन्हीकडची वंशावळ लिहून ठेवायची आहे. इंटरनेटवर नाव टाकलं की त्याच नावाची चाळीस माणसं निघतात. नागपुरात बसून पुढे कसं जायचं?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नाव टाकून शोधलंत म्हणून चाळीस निघाली. शेतकऱ्याचा माग नावापेक्षा जमिनीवरून लवकर लागतो, कारण एका वावराला दोन धनी नसतात. पण वावरापर्यंत पोचायला आधी जनगणना लागते.

सुरुवात अलीकडून करा. अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षांनी खुली होते. म्हणजे आज १९५० पर्यंतची सगळ्यांना पाहता येते. सुनेच्या आजोबांना १९५० किंवा १९४० मध्ये पकडा, मग एकेक पायरी मागे या. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं फुकट उघडता येतं आणि बहुतेक पानांचे फोटो घरूनच दिसतात. १८७० वर एकदम उडी मारली की भलत्याच माणसाचं कुटुंब आपलं म्हणून लिहिलं जातं. तयार वंशवृक्षांमधल्या पुष्कळ चुका अशाच उडीच्या असतात.

१९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली, त्यातली किती हयात आणि अमेरिकेत कोणत्या साली आले, हे सगळं मिळतं. १८८० मध्ये घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं पहिल्यांदा लिहिलं गेलं, शिवाय आईवडिलांचं जन्मस्थान. १८५० ते १८७० मध्ये नावं आहेत पण नातं नाही, त्यामुळे घरातली तरुण बाई बायको, बहीण की मोलकरीण हे तेवढ्यावरून ठरवू नका. १८५० च्या आधी फक्त घरच्या कर्त्याचं नाव, बाकी सगळे नुसते आकडे. गुलाम केलेल्या लोकांची नावं तर १८७० च्या आधी या पानांवर जवळजवळ नाहीतच.

पान वाचताना तीन गोष्टी सांभाळा. १९०० पर्यंतच्या पानांवर वय त्या वर्षीच्या १ जूनचं धरायचं, गणक ऑगस्टमध्ये आला असला तरी. वयाच्या रकान्यात ५/१२ दिसलं तर ते मूल पाच महिन्यांचं आहे. तारीख समजू नका. आणि आडनाव गणकाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं. श्मिटचा स्मिथ होतो, कोखचा कुक होतो. आडनाव लागेना तर नुसतं पहिलं नाव, अंदाजे जन्मसाल आणि काउंटी टाकून पाहा. घर सापडलं की मागची-पुढची दहा घरंही उतरवून घ्या. आपल्याकडे जसे सोयरे एकाच गावात वावर घेतात, तसेच तेही आले होते. आज जो शेजारी दिसतो तो पुढे व्याही निघतो.

आता जमीन. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या तिकडच्या सरकारी जमीन-खात्याच्या जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स या संकेतस्थळावर राज्य, काउंटी आणि आडनाव टाका. सरकारने त्याला पहिली सनद दिली असेल तर ती फोटोसकट फुकट दिसेल. या सनदेला तिकडे पेटंट म्हणतात. हा मार्ग सरकारी जमीन असलेल्या राज्यांतच चालतो. मूळच्या तेरा वसाहती, केंटकी, टेनेसी, टेक्सास वगैरे राज्यांत तो चालत नाही. तिथे जमिनीचं वर्णन आपल्या खरेदीखतातल्या चतुःसीमेसारखं, ओढ्यापासून अमक्या झाडापर्यंत असं असतं. सुनेचं माहेर नेब्रास्कात आहे, हे तुमचं नशीब.

सनदेवरची तारीख ही येण्याची तारीख नव्हे. होमस्टेड कायदा १८६२ चा, अंमल १ जानेवारी १८६३ पासून. २१ वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला १६० एकरांपर्यंत जमीन मिळायची, फी सगळी मिळून १८ डॉलर. पाच वर्षं तिथे राहून कसल्याचा पुरावा द्यावा लागे आणि सनद त्यानंतर निघे. म्हणून १८८० ची सनद असेल तर माणूस १८७३-७४ च्या सुमारास आला असं धरून चाला.

सनद म्हणजे एक कागद, खरा ऐवज तिच्यामागच्या फाइलीत आहे. ती वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये असते. नेब्रास्काच्या फाइली स्कॅन झालेल्या आहेत. इतर राज्यांच्या पुष्कळशा नकला फी भरून मागवाव्या लागतात. मागवताना लँड ऑफिसचं नाव, अंतिम प्रमाणपत्राचा क्रमांक आणि जमिनीचं वर्णन द्यायचं. हे तिन्ही सनदेच्या पानावरच मिळतं. आत काय असतं? घर किती फुटांचं, मातीच्या ढेकळांचं की लाकडाचं, दारं-खिडक्या किती, विहीर आहे का, किती एकर नांगरलं, किती हंगाम पीक काढलं, घरात माणसं किती. हे दावेदाराने शपथेवर सांगितलेलं, वर साक्षीदारांचे जबाब. परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाच्या कागदाची नक्कलही जोडलेली. मध्येच तो वर्षभर गैरहजर दिसला तर दचकू नका. १८७४ मध्ये त्या भागात टोळधाडीने पिकं फस्त केली होती आणि पीडित शेतकऱ्यांना हक्क न गमावता काही काळ जमीन सोडून जायची मुभा काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, दिली होती.

संकेतस्थळावर नाव सापडलंच नाही तर? जमिनीचा सेक्शन क्रमांक विषम आहे का पाहा (सेक्शन म्हणजे मोजणीचा एक चौरस मैलाचा तुकडा). रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंचे विषम सेक्शन सरकारने दिले होते. शेतकऱ्याने ते कंपनीकडून विकत घेतले, म्हणून सरकारी सनद कंपनीच्या नावावर दिसते आणि आपला माणूस गायब वाटतो. अशा वेळी काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडचं खरेदीखत शोधायचं. तिथे दोन सूच्या असतात, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोन्ही पाहा. जमीन विकताना बायकोने हक्क सोडल्याची सही असते. तिचं नाव ज्या थोड्या कागदांवर हमखास येतं त्यातला हा एक.

जाता जाता, १८६७ साली नागपूरला रेल्वे पोचली आणि त्याच साली नेब्रास्का राज्य झालं. नातवाच्या वंशावळीत ही ओळ शोभेल.

प्रश्न : जुन्या कागदावर जमिनीचं वर्णन असं आहे : एन ½ एनडब्ल्यू ¼, सेक्शन १४, टाउनशिप ११ एन, रेंज ३ ई. हे नकाशावर कसं बसवायचं?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : शेवटाकडून वाचा. रेंज ३ ई म्हणजे मुख्य रेखावृत्तापासून, म्हणजे मोजणीच्या मूळ उभ्या रेषेपासून, पूर्वेकडे तिसरा उभा पट्टा. नेब्रास्का-कॅन्सससाठी ते सहावं मुख्य रेखावृत्त. टाउनशिप ११ एन म्हणजे आधाररेषेपासून उत्तरेला अकरावी आडवी रांग. दोन्ही जिथे मिळतात तो सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर.

क्रमांक नांगराच्या तासांसारखे पडतात. ईशान्य कोपऱ्यात १, तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत. मग खाली उतरून ७ आणि उलट पूर्वेकडे १२. पुन्हा खाली १३ आणि पश्चिमेकडे. बैल वळवावा तसं. म्हणजे १४ हा वरून तिसऱ्या रांगेत, पूर्वेकडून दुसरा. कागदावर ६×६ चौकोन आखून एकदा आकडे भरा, पुन्हा चुकणार नाही. सेक्शनचा वायव्य पाव भाग १६० एकर आणि त्याचा उत्तर अर्धा ८० एकर. सेक्शन चौदाच्या वायव्य पावाचा उत्तर अर्धा, असं मराठीत म्हटलं की क्रम आपोआप सरळ होतो.

एक घोटाळा नेहमीचा आहे. टाउनशिप हा शब्द कारभाराच्या घटकालाही वापरतात, त्याला नाव असतं आणि त्याच्या सीमा मोजणीच्या टाउनशिपशी जुळतीलच असं नाही. जनगणनेच्या पानावर असते ती ही नावाची. काउंट्यांच्या सीमाही वारंवार बदलल्या. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंटीसीमांचा ऐतिहासिक नकाशासंग्रह तयार केला आहे. कागद ज्या काउंटीत झाला तिच्याच कचेरीत बहुधा राहतो, जमीन पुढे दुसऱ्या काउंटीत गेली तरी.

प्रश्न : १८८० मध्ये दिसणारी दोन मुलं १९०० मध्ये दिसत नाहीत. १८९० ची जनगणना सापडत नाही.
— एक वाचक, सावनेर

उत्तर : ती सापडणार नाही. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉमर्स खात्याच्या इमारतीला आग लागली, तिच्यात १८९० ची पानं जळाली आणि भिजली. जवळजवळ काहीच उरलं नाही. वीस वर्षांची ही भगदाड बुजवायला राज्यांची जनगणना वापरा. नेब्रास्काची १८८५ ची आहे, आयोवाची १८८५ आणि १८९५ ची. १८५० ते १८८० च्या मृत्यू-याद्याही पाहा, त्यांत जनगणनेआधीच्या बारा महिन्यांतले मृत्यू कारणासह आहेत. जन्ममृत्यूच्या नोंदींवर भिस्त ठेवू नका. नेब्रास्कात त्या राज्यपातळीवर १९०४ पासून आहेत. लग्नाची नोंद मात्र काउंटीकडे बहुधा मिळते. मुलगी असेल तर ती बहुतेक नवऱ्याच्या आडनावाखाली जवळच्याच पानावर बसलेली असते.

शेतीची यादी विसरू नका. १८५० ते १८८० च्या प्रत्येक जनगणनेबरोबर ती झाली. १८८० च्या यादीत शेतकरी स्वतः मालक, रोख ठेक्याने की बटईने कसणारा, हे वेगवेगळ्या रकान्यांत आहे. शिवाय घोडे, गाई, लोणी किती पौंड, मका-गहू किती बुशेल. गव्हाचं बुशेल सुमारे २७ किलो, मक्याचं २५. पीक १८७९ चं असतं, यादी १८८० ची. कागदांवर तारीख महिन्यापासून सुरू होते : ५/६/१८८१ म्हणजे ६ मे.

प्रश्न : जर्मनीतलं गाव कसं कळेल? एलिस आयलंडवर नाव बदललं म्हणतात.
— एक वाचक, महाल

उत्तर : एलिस आयलंड, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांचं तपासणी केंद्र, १८९२ मध्ये उघडलं. तुमचा माणूस १८७०-८० च्या सुमारास आला असेल तर तो त्याआधीचा. आणि प्रवाशांची यादी निघण्याच्या बंदराकडूनच लिहून यायची, तिथे नाव बदलायचा प्रश्न नव्हता. १९०६ पूर्वीच्या नागरिकत्वाच्या कागदांवर बहुधा नुसतं प्रशिया (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) असतं. गाव मिळतं ते चर्चच्या दफन-नोंदीत, थडग्याच्या दगडावर किंवा जर्मन वर्तमानपत्रातल्या मृत्युलेखात. हॅम्बर्गच्या याद्या १८५० पासून आहेत आणि त्यांत राहण्याचं ठिकाण असतं. ब्रेमेनच्या बऱ्याचशा नष्ट झाल्या.

प्रश्न : आमच्याकडची बाजू? शेत काटोल तालुक्यात आहे.
— धरमपेठचेच वाचक

उत्तर : आजच्या सातबाऱ्यापासून फेरफारांच्या मागे जा, मग अधिकार अभिलेख, मग इंग्रजी अमदानीतल्या बंदोबस्ताची मिसल, म्हणजे गावाच्या नोंदींचं जुनं दप्तर. जन्ममृत्यूसाठी कोतवाल पंजी. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. त्याआधी गाव मालगुजाराच्या नावावर दिसेल आणि तुमचे पणजोबा कुळांच्या यादीत. रेल्वेच्या सेक्शनसारखाच प्रकार, मालकाचं नाव पाहून परत फिरू नका. तिकडचा सेक्शन क्रमांक दीडशे वर्षांत बदलला नाही, आपले मात्र बदलले. म्हणून नकलेच्या अर्जात मौजा, पटवारी हलका आणि जुना खसरा क्रमांक तिन्ही लिहा. आजचा नंबर तेवढा दिला तर दुसऱ्याच्याच वावराची नक्कल हाती येते, आणि फी परत मिळत नाही.